खुणेचा हात

ता. ४ मार्च

चि. चिकट्यास ताईचा आशीर्वाद.

मी बरी आहे. तुझे भाऊजी बरे आहेत, त्यांचा गुडघा सोडून. तूही बराच असशील, कारण काही कमीजास्त झालं असतं तर इमारतीतल्या कुणीतरी कळवलं असतं, असं मी कालपर्यंत धरून चालले होते. काल तुमच्या तळमजल्यावरचा घड्याळवाला लाँड्रीत आला, कोट टाकायला. म्हणाला, "कळवणार कोण ताई? माणूस उरलंय कुठं तिथं? मीसुद्धा दुकान हलवलं. जिन्याखाली टेकू दिलेत, भिंतीवर नोटीस चिकटवलीय, महिनाअखेरीला पाडणार. आणि तुमचे बंधुराज वर गॅलरीत बनियन वाळत घालतायत. मी खालून ओरडलो, अहो उतरा आता! तर म्हणतात, बघू."

बघू! काय बघणार आहेस? छप्पर डोक्यावर येताना खालून कसं दिसतं ते?

मला गोड बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. मुलगी सासरी गेल्यापासून तिची खोली रिकामी पडलीय. खिडकी मोठी आहे, दिवसभर उजेड असतो, तुला पाट्या रंगवायला दिवा लावावा लागणार नाही. इकडच्या दुकानांनाही पाट्या असतात, आणि त्या रंगवणारा माणूस असा आहे की 'पादत्राणे' लिहितो ते 'पाद' एका ओळीत आणि बाकीचं दुसऱ्या ओळीत. तू आलास तर गावावर उपकार होतील. मी तुझ्या भाऊजींना विचारलं. ते लिफ्टच्या कामावरून आले होते, हाताचं वंगण पुसत म्हणाले, "त्याच्या रंगाचे डबे गॅलरीत मावतील. तो मावतोय का ते त्याला विचार." म्हणजे हो.

तेव्हा सामान बांध आणि ये. झालं, एवढंच लिहायचं होतं.

पण कागद अर्धा उरलाय. कोरा कागद तसाच पाठवायचा म्हणजे मला चुटपुट लागते, म्हणून आणखी लिहिते.

परवा गच्चीवर चादरी वाळत घालत होते. एका चादरीचा चिमटा सुटला आणि वारा आत शिरला. चादर फुगली, ताणली गेली, आणि क्षणभर अशी उभी राहिली की ऊन तिच्यातून आरपार जाताना दिसलं. मला एकदम दिव्याच्या कागदाचा वास आला. धुतलेल्या चादरीला साबणाचा वास येतो, मी काही वेडी नाही. पण आला खरा.

आई लॅम्पशेडच्या कारखान्यात होती तेव्हा तू एवढासा. तुला काय आठवणार? ती बांबूच्या काड्या मेणबत्तीच्या धगीवर धरून वाकवायची. ओठ मिटून, हळूच, झोपलेल्या पोराची मान वळवावी तशी. मग त्यावर कागद चिकटवायचा. ओला कागद लोंबतो, सुरकुततो, वाटतं वाया गेला. आई तोंडात पाणी घ्यायची आणि फुर्र करून वरून आणखी धुकं उडवायची. "आता कुणी हात लावायचा नाही," म्हणायची. आपण दोघं हनुवट्या टेबलाला टेकवून बघत बसायचो. वाळता वाळता तो कागद आपला आपण ताठ व्हायचा. एकेक सुरकुती निघून जायची, कुठं जायची देव जाणे. टिचकी मारली की टण्ण वाजायचा.

कारखान्यातून मोडक्या काड्या आणि कागदाच्या कडा ती पदराखालून घरी आणायची, आपल्याला विमानं करून द्यायला. फळांच्या खोक्याची पट्टी म्हणजे विमानाचा कणा. पुढचा पंखा ती लाकडातून चाकूनं कोरायची, सुईच्या टोकावर तोलायची, जड बाजू खरवडायची, पुन्हा तोलायची. सायकलच्या ट्यूबची बारीक पट्टी कापली की रबर झालं. शेजारची जाडी बाई दारातून डोकावून म्हणायची, "मोरीत भांड्यांचा ढीग नि बाईसाहेब विमानं करतायत!" आई मान वर न करता सांगायची, "भांडी कुठं उडून जातात? आल्यावर तिथंच असतात."

आणि तुझी ती साखर! खळ नीट चिकटत नाही म्हणून आईची पाठ वळल्यावर तू तीत मूठभर साखर घातलीस. सकाळी पाहतो तर पंखावर मुंग्यांची जत्रा. मी झटकायला लागले तर आई म्हणाली, "राहू दे गं, त्यांचंही सामान आहे." तसंच उडवलं. विमान खाली आल्यावर तू पालथा पडून मुंग्यांना विचारत होतास, वरून काय दिसलं? आई हसून हसून मातीत बसली. तुझ्या कोपरांना, केसांना, पापण्यांना खळ लागलेली. तेव्हापासून तू चिकट्या. आता त्या खोलीलाही तसाच चिकटून बसलायस.

उडवायचं वीटभट्टीमागच्या माळावर. तिथं काटे, म्हणून आई फाटक्या स्लिपरा घालायची. तू शेपूट धरायचास, आई बोटानं पंखा फिरवायची. रबराला आधी पीळ, मग पिळावर गाठी, मग गाठींवर गाठी, इतक्या की विमान हातात थरथरायला लागायचं. मग ती ते सोडायची म्हणजे ढकलायची नाही, नुसता हात उघडायची. ते निघायचं. पिवळा कागद उन्हात पेटल्यासारखा दिसायचा, त्याची सावली गवतावरून आपल्या पायांवर चढून पलीकडे उतरायची.

नियम आठवतो? ज्याचं विमान त्यानं धावायचं, पण एकानं सोडलेल्या ठिकाणीच उभं राहायचं. जिथं विमान दिसेनासं झालं तिकडं हात करून. धावणारा झुडपांत शिरला की त्याची दिशा चुकते, मग तो मागं वळून आपला हात बघतो आणि पुन्हा सरळ चालायला लागतो. खुणेचा हात म्हणायची आई. तो कायम माझा. "जागा सोडायची नाही," म्हणायची, "तू हललीस की मी हरवले."

बस, कागद संपला. दाराला कुलूप लावायच्या भानगडीत पडू नकोस, दारच राहणार नाही.

तुझी
ताई

ता. १५ मार्च

चिकट्या,

आशीर्वाद देते, पण रागानं देते.

एवढं पानभर लिहिलं आणि तू कार्डावर काय पाठवतोस? 'ताई, मी ठीक. जागा सोडता येत नाही.' बस? पाट्या रंगवणाऱ्याला अक्षरांचे पैसे पडतात म्हणून काय बहिणीशीही मोजून मापून?

भाऊजी म्हणाले, "म्हातारा होत चाललाय, घर सुटत नाही एवढंच."  त्यांना काय माहीत 'जागा सोडायची नाही' हे वाक्य कुणाचं.

घड्याळवाला पुन्हा आला होता, कोट न्यायला. म्हणे परवा जिन्याच्या वरच्या चार पायऱ्या ढासळल्या आणि तू आता शिडी लावून चढतोस. त्यानं विचारलं, "कशासाठी अडलेत एवढे? काय ठेवलंय वर?" मी म्हटलं, रंगाचे डबे. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय आपल्या घरात सगळ्यांनाच. मीही गेल्या पत्रात सगळं लिहिलं, मुंग्यांपर्यंत लिहिलं, आणि त्या दिवसापाशी आले तेव्हा कागद संपला. कागद संपला नव्हता रे. मागची बाजू कोरी होती, तू पाहिलीच असशील.

तर आता लिहिते.

ते विमान सगळ्यांत मोठं होतं. कागद मधाच्या रंगाचा. पंख वाळल्यावर आईनं दौत घेतली आणि डाव्या पंखावर आपला पत्ता लिहिला. पाण्याच्या टाकीसमोर, लोखंडी जिना, तिसरा मजला, हिरवं दार. "लांब गेलं तर ज्याला सापडेल तो आणून देईल," म्हणाली. किती सुंदर लिहायची! वेलांटी काढताना तिची जीभ कोपऱ्यातून बाहेर यायची. तुझीही येते. तुझ्या पाट्यांवरचा 'ळ' बघितला की मला तिचा हात दिसतो, हे मी तुला कधी बोलले नाही.

माळावर गेलो तेव्हा भट्टी पेटलेली होती. तिच्यावरची हवा पाण्यासारखी हलत होती. आईनं हात उघडला. विमान भट्टीच्या अंगानं गेलं, रबराचा पीळ संपला, पंखा थांबला. आता उतरणार म्हणून मी हात तयार ठेवला. ते उतरेना. गोल फिरायला लागलं. घारीसारखं, पंख न हलवता, आवाज न करता, एक फेरी झाली की थोडं वर, आणखी एक की आणखी वर. तू म्हणालास, "ते झोपलंय." खरंच तसं दिसत होतं. झोपेत वर चाललेलं. पत्त्याची अक्षरं आधी दिसत होती, मग नुसती काळी रेघ, मग तीही नाही. मग एक ठिपका, मधाचा थेंब असावा तसा, आणि तो टेकडीकडे सरकायला लागला.

आई चालायला लागली. धावली नाही. मान वर करून, दोन्ही हात अंगापासून जरा लांब धरून, पाण्यात उतरतात तशी गवतातून गेली. मी हात केला टेकडीकडे. एकदम सरळ. तू माझा फ्रॉक धरून उभा. ती झुडपांत शिरली, बाहेर आली, उतारावर दिसली. मी वाट बघत होते, आता वळेल, आता हात बघेल.

ती वळली नाही.

टेकडीवर पोचली, पलीकडे उतरली, आणि हात माझा तसाच.

ऊन कलल्यावर बाबा ट्रक घेऊन शोधत आले. त्यांनी माझा हात धरून खाली केला, तो कोपरात वळेचना. घरी तू रडायला लागलास तेव्हा म्हणाले, "आई विमान आणायला गेलीय. येईल." त्या माणसानं आयुष्यभरात आपल्याला एकच गोष्ट सांगितली, तीही ही. पुढं त्या विषयावर त्यांच्या तोंडून शब्द नाही, मरेपर्यंत. मोरीत भांडी होती तिथंच होती. ती मी घासली. माझी चौथीची शाळा तिथंच सुटली, आणि तू मात्र रोज शाळेतून आलास की विचारायचास, "आलं विमान?" मी म्हणायचे, लांब गेलंय, वेळ लागतो.

आता नीट वाच, कारण हे मी एकदाच लिहीन. तू त्या हिरव्या दारामागं का बसलायस ते मला ठाऊक आहे. पत्ता बदलला तर ते कुठं येणार, असंच ना? अरे, पत्ता तिनंच लिहिला होता. तिला तो पाठ होता. ज्याला पत्ता माहीत असतो त्याला खुणेचा हात लागत नाही आणि दारातला माणूसही लागत नाही. आणि तिच्या पायांत त्या दिवशी स्लिपरा नव्हत्या. चांगल्या, बक्कलवाल्या चपला होत्या. काट्यांच्या माळावर! मी घरातून निघतानाच पाहिलं होतं. तुला सांगितलं नाही, तू एवढासा होतास. मग मोठा झालास तर वाटलं, आता काय सांगायचं?

ती हरवली नाही चिकट्या. ती गेली. कुठं, कशी, कुणाकडे, मला माहीत नाही, आणि आता माझंच एवढं वय झालं म्हटल्यावर ती कदाचित कुठंच नसेल. तेव्हा त्या शिडीवरून उतर. पाय मोडायच्या आधी उतर.

वाईट वाटलं असेल तर वाटू दे. वीट डोक्यात पडण्यापेक्षा बरं.

ताई

ता. २६ मार्च

चिकट्या, माझ्या राजा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तू तर वीट हाणलीस.

वाचलं तेव्हा मी इस्त्री करत होते. एका हातात पत्र, एका हातात इस्त्री, माझी नेहमीची घाई. दुसऱ्या पानावर आले आणि जळका वास सुटला. कुणाच्या तरी उशीचा अभ्रा, त्यावर इस्त्रीचा अख्खा ठसा. एवढ्या वर्षांत माझ्या हातून कापड जळालं नव्हतं. भाऊजी आतून धावत आले. "काय झालं? कोण गेलं?" मी म्हटलं, "कुणी नाही. जे गेलं ते जुनंच आहे." मग तिथंच गाठोड्यावर बसले आणि रडले. ते बिचारे इस्त्रीची पिन काढून अभ्रा हातात धरून उभे. म्हणाले, "अभ्र्यासाठी एवढं?" मग मला हसूही आलं.

म्हणजे तुला माहीत होतं. चपलांची बक्कलं तूच लावलीस! तुला तेव्हा बक्कल लावायचा नाद होता, कुणाचीही चप्पल दिसली की लावत सुटायचास, हे मी साफ विसरले होते. तिच्या पायापाशी बसून दोन्ही लावलीस, आणि तिनं तुझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ठेवला, असं लिहिलंयस. ते एवढं वर्षानुवर्षं पोटात ठेवलंस. मी तुझ्यासाठी गप्प, तू माझ्यासाठी गप्प. आणि रोज शाळेतून आल्यावर 'आलं विमान?' असं विचारायचास ते मला बरं वाटावं म्हणून? मी 'लांब गेलंय' म्हणताना माझा चेहरा जरा उजळायचा म्हणून? गाढवा. एवढंसं पोर आणि केवढी ही अक्कल.

पण खरी वीट ती शेवटची ओळ. ती इथं पुन्हा लिहिते, म्हणजे माझ्या हातानं लिहिली की मला पटेल. 'ताई, मी आईची वाट बघत नाही. हात तुझा वर आहे. मी फक्त तुझा फ्रॉक धरून उभा आहे.'

आधी संताप आला. म्हटलं, हा कोण मला सांगणार! लग्न करून, संसार करून, मुलगी वाढवून, लाँड्री उभी करून बसलेली बाई मी, मी कुणाचीही वाट बघत नाही. मग तू लिहिलेलं आठवलं, की मी माहेरी आले की पायांवर पाणी घ्यायच्या आधी गच्चीवर जाते. दर खेपेला. म्हणते, हवा खाऊन येते. टेकडीकडच्या कठड्याशी उभी राहते आणि खाली आल्यावर विचारते, "कुणी आलं होतं का रे?" आणि तू म्हणतोस, "नाही ताई, पण मी आहे ना इथं." आणि मी निश्चिंत होऊन परत जाते. म्हणून तू ते घर सोडलं नाहीस. मला बघायला गच्ची असावी म्हणून.

खरं आहे. घे, मान्य केलं. इथंसुद्धा चादरी वाळत घालायला दोन बायका ठेवल्यात, तरी मीच वर चढते. चादर फुगली की मी तिच्याकडे बघत नाही, तिच्यामागच्या आभाळाकडे बघते. भाऊजी म्हणतात, तू दिवसाढवळ्या उभ्या उभ्या झोपतेस. झोपत नाही. तिथं अजून एक ठिपका असतो, मधाच्या रंगाचा, गोल फिरत वर चाललेला. मी डोळे मिटले तरी असतो. मला तो आवडतो रे. तो खाली यावा असं मला कधी वाटलंच नाही बहुतेक. तीसुद्धा मान वर करून गेली तेव्हा कशी दिसत होती? सुंदर दिसत होती. रागावून दमले, पण ते काही खोटं ठरत नाही.

तू लिहितोस, 'तू हात खाली घे, मी त्या दिवशी निघतो.' अटी घालतोय मोठा!

तर ऐक, मी काय केलं. खिडकीचा जुना बांबूचा पडदा उसवला. त्याच्या काड्या मेणबत्तीवर वाकवल्या. पहिल्या तीन जाळल्या, चौथी वळली. कडक कपड्यांची कांजी घरात आहेच, तिची खळ केली. साखर घातली नाही. चांगल्या साड्यांच्या घड्यांत घालायचा पातळ कागद असतो, तो लावला. ओला झाल्यावर असा लोंबला की मी शिव्या घातल्या. मग तोंडात पाणी घेतलं आणि फुर्र केलं. अर्धं भाऊजींवर उडालं. ते म्हणाले, "हे काय आता?" मी म्हटलं, "हात लावायचा नाही." आम्ही दोघं टेबलाला हनुवट्या टेकवून बसलो, त्यांचा गुडघा कुरकुरत होता. आणि सुरकुत्या एकेक करून निघून गेल्या. अजून तशाच जातात. मी टिचकी मारली. वाजलं.

काल ते विमान गच्चीवर नेलं, उडवलं नाही, नुसतं उंच धरून बघितलं. ऊन आलं आरपार. मग मी माझा उजवा हात टेकडीच्या दिशेला केला. इथून टेकडी दिसत नाही, पण दिशा मला कुठूनही कळते. थोडा वेळ तसाच ठेवला, शेवटचा म्हणून. आणि खाली घेतला. बाबांनी घेतला होता तसा कुणी घेतला नाही, माझा मीच घेतला. कोपर वाजलं. इतका अवघडला होता ते मला खाली आल्यावर कळलं.

डावा पंख कोरा ठेवलाय. पत्ता तू लिहायचास, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. नवा पत्ता. लाँड्रीच्या वर, दुसरा मजला. दाराला सध्या तपकिरी रंग आहे, तुला हिरवा हवा असेल तर डबा घेऊन ये, भाऊजींना कबूल आहे. मग आपण ते सोडू. खाली उतरलं तर उतरलं. वर गेलं तर जाऊ द्यायचं, कुणी धावायचं नाही आणि कुणी उभं राहायचं नाही. दिसेनासं झालं की खाली येऊन चहा घ्यायचा.

घड्याळवाल्याला सांगितलंय, त्याच्या भाच्याचा टेम्पो शुक्रवारी सकाळी येईल. शिडी धरायला तो खाली उभा राहील. हिरव्या दाराला आतून कडी लावू नकोस. उघडंच टाकून ये. 

मी दारात उभी राहणार नाही. लाँड्रीत असेन, कामात असेन. तुला पत्ता माहीत आहे.

हात खाली घेतलेली, तुझी
ताई